खेळाडू असल्याचा दाखला

शुक्रवारी सकाळी सव्वासातला दारावरची बेल वाजली, तेव्हा मी चहा गाळत होते. कुवेतमध्ये शुक्रवारी इतक्या लवकर माणसं उठत नाहीत. उठलीच तर दुसऱ्याच्या दारात जात नाहीत. दारात समोरच्या फ्लॅटमधले सोनटक्केकाका होते. अंगात ट्रॅकसूट, काखेत फाईल आणि कपाळाच्या बरोबर मधोमध वाटाण्याएवढं जांभळं टेंगूळ.

"ताई, हे बगा. नीट बगा. आन् लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की सदर जखम खेळताना झालेली हाय म्हणून. लेटरहेडवर. खालती सही आन् खतम."

खतम म्हणजे शिक्का. हा अरबी शब्द काका जितक्या प्रेमाने उच्चारतात तितक्या प्रेमाने मी त्यांना बायकोचं, शैलाकाकूंचं, नावही घेताना ऐकलेलं नाही. मी सालमियातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. लोक माझ्याकडे दुखणं घेऊन येतात आणि ते घालवून मागतात. दुखणं राहू द्या, फक्त दाखला द्या, असं म्हणणारा हा पहिलाच पेशंट होता.

"काका, आधी मलम लावा."

"मलम मग. ते उतरायच्या आत तुमी लिहा."

मी लिहिलं. 'कपाळावर सौम्य मार. रुग्णाच्या सांगण्यानुसार खेळताना लागला.' काकांनी दोनदा वाचलं आणि बोट ठेवलं. "हे 'सांगण्यानुसार' काढा. ते तोंडी झालं. तोंडी चालत न्हाई."

आता हे सोनटक्केकाका कोण, ते सांगायला हवं. वय सत्तावन्न, गाव लातूरकडचं, मुक्काम कुवेतमध्ये इतकी वर्षं की आता लातूरला गेल्यावर त्यांना ऊन कमी वाटतं. तेलकंपन्यांची कामं घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. म्हणजे वाळवंटात कुठेतरी पाइप टाकायचा असेल तर आधी त्याचा नकाशा काकांच्या टेबलावर येतो. काका त्याला नंबर देतात, शिक्का मारतात, पाठवतात आणि मिळाल्याची सही परत मागवतात. पाइप फुटला तर काकांना काही होत नाही. पाइपच्या कागदावर जुना रेव्हिजन नंबर राहिला तर मात्र त्यांचं बीपी वाढतं.

ऑफिसात हे चालतं. पण काका ऑफिस संध्याकाळी डब्याबरोबर घरी आणतात. त्यांच्या फ्रिजवर भाजीची यादी असते आणि तिच्या कोपऱ्यात 'रेव्हिजन २' असं लिहिलेलं असतं. पहिली यादी 'रद्द' असा शिक्का मारून ड्रॉवरमध्ये असते, कारण मेथी की पालक यावर पुढे वाद झाला तर पुरावा नको का? हळदीकुंकवाला मी त्यांच्याकडून मोठं पातेलं मागून आणलं, तर पातेल्याबरोबर एक फॉर्म आला. 'स्थिती: चांगली. डाव्या कानाखाली एक पोचा.' परत द्यायला गेले तेव्हा काकांनी चष्मा लावून तो पोचा शोधला, आहे याची खात्री केली आणि मगच मला आत घेतलं.

माझी मुलगी झाली तेव्हा सगळ्या बायका ती कोणासारखी दिसते यावर बोलत होत्या. काकांनी पाळण्यात एकदा डोकावून पाहिलं आणि विचारलं, "दूतावासात नोंद झाली का? आधी ते करा. नाक कुणाचं हाय ते मागून बगता येतंय."

मला हसू आलं होतं. पण खरं सांगायचं तर ती नोंद काकांनीच करून दिली. कुठल्या खिडकीवर जायचं, फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी की निळी, कुठल्या टायपिंगवाल्याकडे चुका कमी होतात, हे सगळं त्यांना पाठ. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, काकांच्या सल्ल्याने वेळेत नूतनीकरण होऊन आलेला आहे. आम्ही सगळे त्यांना हसतो. फक्त ते आपलं काम झाल्यावर हसतो, एवढी सभ्यता आमच्यात आहे.

असा हा माणूस गेल्या वर्षी अचानक खेळाडू झाला.

काकांचा मुलगा ओंकार इंग्लंडमध्ये असतो. इथेच वाढला, तिकडे शिकायला गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. दर रविवारी तो मित्रांबरोबर एअरसॉफ्ट नावाचा खेळ खेळतो. झाडाझुडपांत दोन तट पडतात आणि एकमेकांवर खेळण्यातल्या बंदुकांनी साबुदाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडतात. वीस-पंचवीस वर्षांची मिळवती मुलं चिखलात लोळून हे करतात. मला यात खेळ कुठे आहे ते कळलं नाही, पण मला क्रिकेटमध्येही ते कळलेलं नाही.

काका-काकू महिनाभर ओंकारकडे जाणार होते. जायच्या चार महिने आधी काकांनी जाहीर केलं, "मला तिथं एक बंदूक घ्यायची हाय. खेळण्यातली. पण खऱ्यावाणी दिसणारी."

"इथे आणणार?"

"येडं झालाव का ताई! ती तिथंच ऱ्हाणार."

म्हणजे वापरायची तिकडे, ठेवायची तिकडे, पण विकत घ्यायची स्वतःच्या नावावर. या वयात पुरुषांना काहीतरी होतं. कोणी केस रंगवतं, कोणी हजार कप्प्यांची सायकल-बॅग घेतं. काकांचं हे असेल, असं समजून मी सोडून दिलं. पण काकांनी मला सोडलं नाही. त्यांनी मला इंग्लंडचा कायदा समजावून सांगितला, तोही माझ्याच सोफ्यावर बसून.

खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी प्रतिकृती तिथे कोणालाही विकता येत नाही. गिऱ्हाईक खरोखरचा खेळाडू आहे अशी दुकानदाराची खात्री पटावी लागते. त्यासाठी नोंद असलेल्या मैदानावर निदान तीनदा खेळलेलं असावं लागतं. मग मैदानवाले तुमचं नाव यादीत घालतात, आणि दुकानदार ती यादी बघून काळी बंदूक देतो.

"काय सुंदर कायदा हाय!" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "मानूस खेळाडू हाय का न्हाई, हे कागदावर ठरतंय. असं कुटं ऱ्हातंय का आजकाल?"

खेळाडू व्हायला मैदान हवं. ते काकांना शहराबाहेर अम्गऱ्यात सापडलं. भंगाराच्या आवारांमागे जुने कंटेनर आणि टायर रचून बू फहद नावाच्या एका निवृत्त कुवेती गृहस्थांनी ते उभं केलं होतं. बंदुका त्यांच्याच, कुलपात ठेवलेल्या. खेळापुरत्या हातात द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. पहिल्या दिवशी सगळे बंदूक मागतात. काकांनी मैदानाची परवानगी बघायला मागितली. बू फहद आधी चिडले, मग हसले आणि मग त्यांनी ती शोधायला अर्धा तास घातला. सापडली तेव्हा तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. काकांनी ती घरी नेऊन प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून परत आणून दिली. त्या दिवसापासून त्या मैदानावर त्यांना मान होता.

शैलाकाकू इथल्या एका इस्पितळात नर्स आहेत. नवऱ्याचं काय मोडतं ते ड्यूटीवर असताना कळायला नको म्हणून त्यांनी एका शुक्रवारी मला बरोबर पाठवलं. त्यामुळे काकांचा खेळ मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे. तो न पाहणाऱ्यांचं फारसं नुकसान झालेलं नाही.

या खेळात गोळी लागली तरी अंगावर रंग उमटत नाही, खूण राहत नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करून 'हिट' म्हणायचं आणि बाहेर जायचं. हे कळलं तेव्हा काका हादरलेच.

"सबूत क्या?" त्यांनी बू फहदना हिंदीत विचारलं.

"जिसको लगा, वो खुद बोलता."

"और नहीं बोला तो?"

बू फहदनी खांदे उडवले. "तो फिर उसके साथ कौन खेलेगा?"

इतकी वर्षं सही-शिक्क्यात काढलेल्या माणसाला हे पचवणं अवघड होतं. म्हणून काकांनी सावधगिरीचा मार्ग निवडला. शंका आली की हात वर. तासाभरात ते अकरा वेळा बाद झाले. त्यातल्या दोनदा त्यांच्याच बुटाने खडा उडाला होता. बाद झाल्यावर ते सरळ गोळी झाडणाऱ्या पोराकडे जात आणि त्याचं पूर्ण नाव व स्पेलिंग वहीत लिहून घेत. कॉलेजातली कुवेती पोरं, फिलिपिनो, एक लेबनीज बँकवाला, सगळे खेळ थांबवून स्पेलिंग सांगत होते. कंटेनरमागे दबा धरून बसलेली एक अख्खी टोळी त्या दिवशी स्पेलिंग सांगायला बाहेर आली आणि हरली.

दोन महिने हे चाललं. फाईल फुगत गेली. बू फहदकडे शिक्का नव्हता, तर काकांनी त्यांना तो करून घ्यायला लावला. अरबी प्रमाणपत्र, त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराची सही, तारखेसकट फोटो, बाद करणाऱ्यांच्या नावांची यादी आणि माझा टेंगळाचा दाखला. कंपनीकडून त्यांनी ना हरकत पत्र मागितलं. एचआरमधली मुलगी म्हणाली, सुट्टीत खेळायला ना हरकत लागत नाही. तर काकांनी तेच तिच्याकडून लिहून घेतलं, की लागत नाही. शेवटी त्यांनी काकूंकडे ना हरकत मागितली. काकूंनी लिहिलं, 'माझी हरकत आहे. तरी सही करते.' तेही काकांनी फाईलला लावलं.

ही सगळी चळत स्कॅन होऊन इंग्लंडमधल्या एका दुकानाला गेली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. काका ते प्रिंट करून माझ्याकडे घेऊन आले आणि टेबलावर ठेवलं.

दुकानदाराने फार छान लिहिलं होतं. इतकी व्यवस्थित फाईल आपण आयुष्यात पाहिली नाही, असंही म्हटलं होतं. पण कुवेतमधले खेळ धरता येत नाहीत. खेळ तिथल्याच नोंदलेल्या मैदानावर हवेत, तीन हवेत, आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत निदान आठ आठवडे जायला हवेत. तोवर हवी असल्यास भडक रंगाची बंदूक मिळेल. निम्म्याहून जास्त भाग निळा, नारिंगी किंवा पोपटी असेल तर प्रौढ माणसाला ती पुराव्याशिवाय घेता येते.

"आठ आठवडे," काका म्हणाले. "आन् माझी रजा तीस दिवस."

"मग पोपटी घ्या की काका. छान दिसेल."

माझं चुकलंच. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलावरचे कप उचलायला लागले. "ताई, पोपटी म्हणजे काय कळतंय का तुमाला? अख्ख्या मैदानाला लांबूनच दिसणार, की ह्या मानसाकडं कागद न्हाई."

"बरं, मग ओंकारच्या नावावर घ्या. तो तर यादीत असेलच. त्याला सांगितलंत की नाही?"

 काकांनी फाईल उघडून एकेक कागद पाकिटातून काढायला सुरुवात केली. मग कागदांकडे बघतच ते बोलले.

"ओमू अकरावीत व्हता. वर्गातल्या एका पोराकडनं त्यानं तसली बंदूक आणली व्हती. काळी, खऱ्यावाणी. कपड्याखाली लपवून ठेवलेली मला सापडली. मी पैल्यांदा काय इचारलं असंल? कागद कुठाय म्हणलं. सोळा वर्साचं पोर ताई, त्याच्याकडं कुटला कागद?"

मी खुर्ची ओढून बसले.

"कुणी बगितलं असतं, पोलिसात गेलं असतं, तर इकामा गेला असता. तिघंबी विमानात. मी भ्यालो. गाडीत घालून अम्गऱ्याला नेली आन् एका वर्कशॉपात ग्राइंडरनं कापून घेतली. त्या वर्कशॉपवाल्याकडनं लिहून घेतलं. एक नग, दोन तुकडे, सही. आन् तो कागद आणून पोराच्या टेबलावर ठेवला."

"मग ओंकार काय म्हणाला?"

"वाचला. म्हणलं, ओके डॅड." काकांनी रिकामं पाकीट सरळ केलं. "तवापासून ओकेच म्हणू लालंय. फोन केला, ओके. जेवलास का, ओके. नोकरी लागली तवाबी आईला सांगितलं. मी इचारलं तर, ओके डॅड. आन् शैला म्हणती, त्या खेळावर बोलायला लागलं की थांबत न्हाई."

मग हळूच म्हणाले, "तसलीच घ्यायची व्हती. दुकानातनं, कायद्यानं, माझ्या नावावर. आन् त्याच्या हातात द्यायची व्हती."

मला वाईट वाटलं, आणि चार महिने या माणसाची टिंगल केल्याची लाजही वाटली.  

काका-काकू गेले. महिन्याने आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्या क्लिनिकमध्ये भिंतीला धरून चालत आले. दोन्ही गुडघे सुजून पावासारखे झाले होते. मी त्यांना टेबलावर झोपवलं, गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि विचारलं, "मिळाली का?"

"न्हाई. दुकानात जाऊन आलो मी, फाईल घेऊन. तो मानूस लई चांगला व्हता, चहा पाजला. पण न्हाईच म्हणला." काका छताकडे बघत होते. "मग घेतली पोपटी."

"घेतलीत?"

"घेतली. पैल्या रविवारी ओमूला म्हणलं, मीबी येतो. त्याला वाटलं बगायला येऊ लालेत. तिथं सगळ्यांच्या काळ्या ताई, शंभर मानसं असतील. आन् मी पिशवीतनं ही हिरवीगार काढली. ओमू म्हणलं, डॅड, मला का न्हाई सांगितलं, माझ्या नावावर काळी मिळाली असती. मी म्हणलं, तुझ्या न्हाई, माझ्या नावावर पायजे व्हती. तुझी कापली ती मी कापायला नको व्हती. तसली आणून द्यायची व्हती तुला, पण माझ्याकडं कागद न्हाई."

 मी गुडघ्यावरची बर्फाची पिशवी जरा सरकवली.

"ते त्या पोपटीकडं बगत ऱ्हायलं. मग म्हणलं, मला वाटलं तुमी इसरलाव. आन् माझ्या हातातनं ती पोपटी काढून घेतली, आपली काळी मला दिली. दिवसभर ते पोपटी घेऊन फिरलं. दोस्त हसू लालते त्याला. हे त्यांना सांगू लालतं, माझ्या वडिलांनी दिली."

दुसऱ्या रविवारी काका पुन्हा खेळले. तिसऱ्या रविवारी गुडघ्यांनी नकार दिला. ओंकारही मग मैदानावर गेला नाही. घरी बसून त्याने वडिलांच्या पायांना मलमपट्टी केली. मैदानाच्या वहीत काकांच्या नावावर दोन खेळ लागले आहेत. तिसरा आठ आठवडे झाल्यावर आणि वर्षाच्या आत खेळायचा आहे. परत येताना विमानतळावर ओंकारने आईला बाजूला घेऊन वडिलांची पुढची रजा कधी ते विचारलं आणि तिथेच उभ्या उभ्या तारीख फोनमध्ये घातली.

"तवर गुडगे तयार करा ताई," काका म्हणाले. "लिहून नका देऊ काही. नुसते तयार करा."

मी व्यायाम समजावत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ओंकारचा होता. कामाचा वार, भर दुपार. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने फोन कानाला लावला. "हाव, ताईकडंच हाय. न्हाई रे, कमी हाय सूज. बोल की. न्हाई, न्हाई, मोकळाच हाय मी. बोल तू."

मी पडदा ओढून बाहेर आले. पुढची पेशंट बाई घड्याळ दाखवत होती, तिला म्हटलं, थोडं थांबा. आतून पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं. काकांचं 'हं' तेवढं येत होतं, आणि मधूनच हसू. चाळीस मिनिटं झाली. बर्फ केव्हाच विरघळून टेबलावरची चादर भिजली असणार, हे मला कळत होतं. तरी मी आत गेले नाही.